हातावाचून ठोका

अल्काच्या डाव्या कानाचा पडदा फाटला तो एका ठोक्यावरून. ठोका तिच्या नवऱ्यानं चुकवला होता आणि तिनं तो बोलून दाखवला होता.

तिरोड्यात श्यामलाल पटल्यांची धुमाल पार्टी होती. मेटॅडोरवर माणसाएवढे उंच बॉक्स, मागं धूर सोडणारा जनरेटर, कडेला नगारे, एक कॅसिओ, आणि सगळ्यांच्या मधोमध काड्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड. पॅड वाजवायचा लोकेश बोरकर, अल्काचा नवरा. लग्नसराईत त्याची तारीख मिळावी म्हणून लोक बालाघाटकडून यायचे. त्या दिवशी जवळच्या गोरेगावची वरात वाजवून तो घरी आला, पाय धुतले, चहा मागितला आणि खुशीत विचारलं, "कसं झालं? तू होती ना तिथं?"

"मस्त झालं," एवढं म्हणायला हवं होतं. अल्का म्हणाली, "बाकी चांगलं झालं. पन चाल बदलली का तिसरा ठोका मागं राहून राहिला तुमचा."

लोकेशनं चहाचा कप नीट खाली ठेवला. मग उघड्या पंजानं कानशिलात दिली. आजवर तो तोंडावर मारत नसे. पाठ, मांड्या, दंड, म्हणजे लुगड्याखाली जे झाकलं जाईल तेवढंच तो मारी, कारण दुसऱ्या दिवशी लोकांत वावरायचं असे. त्या दिवशी तो हिशेब सुटला. अल्का भिंतीला आपटून खाली बसली. कानात राइस मिल सुरू झाल्यासारखी घरघर लागली आणि ब्लाउजच्या गळ्यावर रक्ताचे थेंब पडले.

तिची सासू पार्वताबाई चुलीपाशी होती. तिनं सगळं पाहिलं आणि तोंड चुलीकडे फिरवलं. लोकेश बाहेर गेल्यावर ती कोमट तेलाची वाटी घेऊन आली. "त्याच्या कामाचं काऊन बोलली वो बाई? पानी दे, भात वाढ, गप राहा. मी बी तेच केली ना जनमभर." तिनं तेल कानात ओतलं. तेलानं कान चिघळला, पू झाला. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर विचारतील म्हणून लोकेशनं नेलं नाही. पुढं अल्का स्वतःच गोंदियाला गेली, तोवर कान गेला होता. डॉक्टर म्हणाला, उजवा सांभाळा.

तिला ठोक्याचं एवढं कळायचं कसं, असं पुढं पुष्कळांनी विचारलं. तिचे वडील यादोराव चोरखमारा तलावाच्या कालव्याखालच्या एका गावात राहायचे. दिवसा मिलमध्ये धानाची पोती उचलायचे आणि जयंतीच्या दिवसांत गावच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. पार्टी घराच्या अंगणात बसायची. लहान अल्का वडिलांच्या मांडीला टेकून बसे आणि त्यांचा हात घसरला की त्यांच्या गुडघ्यावर टिचकी मारी. यादोराव हसून म्हणायचे, "हे पोरगी मही मास्तरीन झाली." नव्व्याण्णवला ती बारावी झाली. नंतर गावोगाव कॉम्प्युटरचे क्लास निघाले, तेव्हा तिनं तोही केला. लोकेशला तिनं पहिल्यांदा पाहिलं ते जयंतीच्या मिरवणुकीत. आधी चेहरा नव्हता दिसला, हातच दिसले. मनगटं पाण्यासारखी हलत होती. त्या हातांवर ती भाळली. हे ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना तिला त्याची लाज वाटायची नाही.

कान गेल्यावर सहा-आठ महिन्यांनी तिला गोंदियात काम लागलं. गोरेलाल चौकाच्या मागच्या गल्लीत हिरालाल साहूंचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. जुन्या कॅसेटी सीडीवर उतरवायच्या, गावोगावच्या दंडारीच्या खेळांची गाणी भरून द्यायची, लग्नाच्या सीडीला संगीत जोडायचं, अशी कामं. हिरालाल तंबाखू चोळत गल्ल्यावर बसायचे, कॉम्प्युटरला हात लावायला घाबरायचे. अल्का सकाळच्या पॅसेंजरनं जायची, दिवेलागणीच्या आत परत यायची. एका कानाची बाई रेकॉर्डिंगचं काम कसं करेल, अशी तिलाच धास्ती होती. पण उजवा कान स्पीकरकडे करून बसली की तिला सगळं कळे. कळत नसे ते एवढंच, की आवाज कोणत्या बाजूनं आला. रस्त्यावर मागून मोटरसायकलनं हॉर्न दिला तर ती हटकून चुकीच्या बाजूला सरके.

एकदा हिरालालनी नागपूरहून सीड्यांचा गठ्ठा आणला. त्यातली एक तिनं सहज लावली, तर पडद्यावर लोखंडी कपाटासारखं काहीतरी उघडलं. ओळीनं डबे, डब्यांवर गोल बटणं, भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्यात घालायच्या रंगीत वायरी. सगळं नुसतं चित्र, पण माउसनं वायर ओढली की ती खरीच लोंबायची.

हिरालाल चष्मा लावून वाकले. "ये क्या है बेटी, बिजली ऑफिस?"

"आवाज तयार करायची मशीन आहे म्हणते. हे पाहा, याले एन्व्हलप म्हणते."

"लिफाफा? डाकघर भी इसी में है?"

रिकाम्या दुपारी ती त्यात रमायला लागली. आवाज स्वतःहून नुसता सपाट असतो, भोंग्यासारखा. त्याला अंग येतं ते या लिफाफ्यामुळं. आवाज किती झटक्यानं चढायचा, किती वेळ टिकायचा, किती सावकाश विझायचा, हे तो ठरवतो. झटक्यानं चढून झटक्यानं पडला की नगारा. हळूहळू चढून रेंगाळला की बासरी. हे तिला लवकर उमगलं. मग एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की लिफाफ्याच्या डब्यावर खालच्या बाजूला आणखी एक भोक आहे. आवाज विझून संपला, की त्या क्षणी त्या भोकातून एक बारीकसा धक्का बाहेर पडतो. तिनं त्या भोकातून वायर काढली आणि दुसऱ्या लिफाफ्याच्या सुरू व्हायच्या भोकात घातली. पहिला ठोका विझला तसा दुसरा आपोआप वाजला. दुसऱ्याची वायर तिसऱ्यात, तिसऱ्याची चौथ्यात. आणि चौथ्याची आणून पहिल्यात खोचली.

एकदा बटण दाबलं, आणि ते फिरायला लागलं. तिनं हात मांडीवर ठेवले. ठोका संपे, तोच पुढच्याला उठवी, तो पुढच्याला. एखादा ठोका सावकाश विझेल असा केला की पुढचा थांबून येई. चाल त्यातूनच घडत होती, मोजून देणारं वर कोणी नव्हतं. तिनं तिसऱ्याचं विझणं जरा तोडलं, तशी चाल अशी काही उसळली की हिरालालचं तंबाखू चोळणं थांबलं.

"किसने बजाया?"

"कोनीच नाही," अल्का म्हणाली. आणि एकाएकी तिला रडू आलं. ठोका होता, आणि त्याच्यामागं हात नव्हता.

पुढचं वर्षभर ती त्यातच बुडाली. एका लिफाफ्यानं दुसऱ्याची लांबी हलवायची, म्हणजे प्रत्येक फेरीला चाल थोडी बदलते, हे तिला सापडलं. घरी तिनं अवाक्षर काढलं नाही. घरी मार चालूच होता. भात कमी शिजला, पॅसेंजर उशिरा आली, कुणी तारीख रद्द केली, काहीही पुरे. एकदा त्यानं तिचा अंगठा दाराच्या फटीत धरून दार लोटलं. नख काळं पडून गळलं. ती दुसऱ्या दिवशी फडकं गुंडाळून माउस धरायला गेली.

श्यामलाल पटले दुकानात आले ते कॅसेटीच्या कामाला. आत अल्काचं चक्र फिरत होतं. श्यामलाल जाडजूड, पांढऱ्या पँटीतला, हसतमुख माणूस, पण धंद्यात पोलादासारखा. त्यांनी ऐकलं आणि खुर्चीवरून उठलेच नाहीत. "हिरालालभाऊ, हे मले पाहिजे. दसऱ्याले पाहिजे. कोनं बनवलं ते मले सांगू नका, कोनाले देऊ बी नका."

अल्का आतल्या बाजूला होती. पार्टी कुणाची हे तिला कळलं, तेव्हा हिरालालनी होकार देऊन टाकला होता. ती म्हणाली, "भाऊजी, घरी कळलं तर माझं काही खरं नाही." हिरालालनी कानाला हात लावून शपथ घेतली, की नाव निघणार नाही.

दुर्गा विसर्जनाच्या दुपारी तिरोड्याच्या मोठ्या रस्त्यावर दोन धुमाल समोरासमोर आल्या. एक श्यामलालची, एक बाहेरून बोलावलेली. कोणाची जोरात वाजते यावर दोन मंडळांची इभ्रत टांगलेली. अल्का सासूबरोबर शेव-चिवड्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. लोकेश मेटॅडोरवर, पॅडच्या मागं, काड्या हातात घेऊन. समोरच्या पार्टीनं जोर केला तसा श्यामलालनं मिक्सरवाल्याला खूण केली, आणि पॅडचा आवाज बंद करून, मिक्सरशेजारी आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरवरचं अल्काचं चक्र बॉक्सवर सोडलं.

अल्काला तो आवाज कानानं नाही, छातीनं ऐकू आला. दुकानातले पत्रे थरथरले. पोरं पिसाळल्यासारखी नाचू लागली. समोरची धुमाल पार बुडाली. मेटॅडोरवर लोकेशनं दोनदा पॅडवर काड्या मारल्या, आवाज येईना. त्यानं मिक्सरकडे पाहिलं. श्यामलालनं हातानंच सांगितलं, उभा राहा. तो उभा राहिला. खालून कुणी ओरडलं, "का गा लोकेश, नवरदेव झाला का?" लोक हसले.

मग मारामारी पेटली. कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला, एवढंच निमित्त. समोरच्या मंडळाच्या एकानं झेंड्याचा बांबू काढला, इकडच्यानं जनरेटरचं हँडल उचललं. एका जवान माणसाच्या तोंडावर ते बसलं आणि तो दात थुंकत बॉक्सवर कोसळला, जाळी रक्तानं भरली. दुसरा त्याला उचलायला वाकला तर त्याच्या पाठीत बांबू बसला. तिसऱ्याला चौघं लाथांनी तुडवत होते. आणि तुडवणं ठोक्यावर चाललं होतं. पाय त्या चालीवर पडत होते. अल्काच्या ते ध्यानात आलं. वाजवणारा माणूस असता तर रक्त पाहून त्याचा हात थांबला असता. इथं थांबणार कोण? एक ठोका विझत होता आणि दुसऱ्याला उठवत होता. श्यामलाल वरून ओरडत होते, "चालू राहू दे, बंद नको करू!"

"माय, तू इथंच राहा," असं म्हणून अल्का गर्दीत घुसली. आरडाओरडा कोणत्या बाजूचा, तिला कळत नव्हतं. एक कोपर तिच्या बरगडीत बसलं, कुणीतरी पदर ओढला. ती मेटॅडोरच्या चाकावर पाय देऊन चढली, कॉम्प्युटरच्या मागं हात घातला आणि त्या जंजाळातली एकच वायर ओढून काढली.

रस्ता एकदम उघडा पडला. नुसता जनरेटर धडधडत होता. बांबू उचललेला माणूस उचलल्या जागी थांबला, स्वतःच्या हाताकडे पाहू लागला. मग पोलिसांची जीप आली, पळापळ झाली, पडलेल्यांना रिक्षात घातलं.

लोकेश तिच्याकडे पाहत होता. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "तुले कसं माहीत, कोनती वायर ते?"

अल्कानं हातातली वायर खाली टाकली. त्याला उत्तर मिळालं होतं.

तो सासू-सुनेच्या आधी घरी पोचला होता. पार्वताबाई पाण्याला वळली तेवढ्यात त्यानं अल्काचे केस मुठीत धरले आणि तिला अंगणातून आत ओढलं. "मह्या हाताच्या जागी मशीन बसवली तू? मले हसवलं लोकाईत?" त्यानं तिला उंबऱ्यापाशी पाडलं, गुडघा पाठीवर दिला. डावा गाल जमिनीवर, उजवा कान वर. अल्काला समजलं, तो काय करणार आहे. तिनं दोन्ही हात कानावर घट्ट धरले. तो एकेक बोट उलगडत होता. "हा बी कान कायले पाहिजे तुले? आं? कायले पाहिजे?"

त्यानं तिचे हात उपसले, डाव्या हातानं दाबून धरले आणि उजवा तळवा उंबऱ्यावर टेकवून जोर घेण्यासाठी सरसावला. तेवढ्यात मुसळ आलं. धान कांडायचं, टोकाला लोखंडी शेंबी असलेलं मुसळ. पार्वताबाईनं ते दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन उंबऱ्यावरच्या त्या मनगटावर आणलं. लोकेश ओरडला. तो हात ओढून घेणार, तोच तिनं दुसऱ्यांदा आणलं. या खेपेला जो आवाज झाला तो अल्कानं चांगल्या कानानं ऐकला.

म्हातारीनं मुसळ भिंतीला उभं केलं, पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं रडायला लागली. शेजारी जमले, लोकेशला दवाखान्यात नेलं. मेटॅडोरवरून पडलो, असंच त्यानं तिथं सांगितलं. आईनं हात मोडला, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

पंधरवड्यानं बुद्धविहारात समाजाची बैठक बसली. शालीकराम गजभिये म्हणून जुने शिक्षक होते, लोक त्यांना मानत. ते म्हणाले, दोघांनी चुका केल्या, लेकरू चुकते, आईनं समजून घ्यावं, सुनेनं काम सोडावं, घर वाचवावं. लोकेश प्लास्टर गळ्यात अडकवून खाली मान घालून बसला होता. शालीकरामनी पार्वताबाईला विचारलं, "एक समजत नाही मले, बाई. एकदा मारलं, ठीक आहे, राग आला. दुसऱ्यांदा काऊन मारलं?"

"पहिल्यानं वाकला होता," पार्वताबाई म्हणाली. "मोडला नव्हता."

ती पुढं म्हणाली, "याच्या बापानं मले मारलं तवा हा दारात उभा राहून पाहे. मी म्हनो, लेकरू आहे, विसरन. तो शिकून राहिला होता, गुरुजी. मी पाहत होती आन चूप होती. आता मी सुनेसंग राहीन. घर त्याले ठेवा."

अशा रीतीनं सासू-सून गोंदियाला आल्या. हिरालालनी दुकानाच्या मागची खोली दिली. पार्वताबाई पहिले कितीतरी दिवस नीट जेवली नाही. घास घेताना उजव्या हाताकडे बघायची आणि ताट सरकवायची. अल्कानं एकदा म्हटलं, "माय, तू नसती तर मी बहिरी झाली असती." म्हातारी चिडली. "तू चूप. मले बरं वाटलं असं समजू नको. मह्या पोराचा हात होता तो." त्यानंतर अल्कानं तो विषय काढला नाही.

लोकेश दुकानात आला तो हिवाळा सरताना, भर दुपारी. मनगट वाकडं जुळलं होतं, बोटं अर्धीच मिटत होती. हिरालाल गल्ल्यावर, पार्वताबाई बाजारात गेलेली. तो शांत होता. बाकावर बसून म्हणाला, "श्यामलालनं काढलं मले. आता तुही मशीनच वाजवून राहिला तो. मले शिकव ते. डाव्या हातानं करीन."

अल्का लगेच नाही म्हणाली नाही. त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि तिला जुनी वरात आठवली, पाण्यासारखी मनगटं आठवली. तिनं त्याला खुर्ची दिली, पडद्यावर चक्र उघडलं, वायर कशी ओढायची दाखवलं. तो थोडा वेळ बसला. माउस डाव्या हातात ठरेना. ठोके एकमेकांवर चढून घसरायला लागले, चाल काही उभी राहीना. अल्काच्या तोंडून निघून गेलं, "तिसरा मागं राहून राहिला."

त्यानं कीबोर्ड उचलून पडद्यात घातला. काच फुटली. हिरालाल धावले तर त्यानं डाव्या हातानं त्यांचा गळा धरून त्यांना कपाटावर आपटलं, चष्मा पायाखाली चुरला. मग सीपीयू उचलून जमिनीवर आपटला, वर लाथा घातल्या. वर्षभराचं सगळं त्यात होतं. अल्काच्या हाताशी माइकचं स्टँड होतं, खालून ओतीव लोखंडाचं. तिनं ते उलटं धरलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. तो वळला. तिनं पुन्हा घातलं, बरगडीत. तो गुडघ्यावर आला, हात वर केला. तिनं त्या हातावर घातलं. तो जमिनीवर आडवा झाला, तोंड झाकून पडला, तरी ती घालतच राहिली. दंडावर, मांड्यांवर, पाठीवर. तिला थांबायचं होतं, असं ती नंतर सांगायची. पण एक बसला की हात आपोआप पुढच्याला उचलला जायचा. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला एकेरीत बोलत होती. "तू उठशील? तू उठून दाखव."

हिरालालनी मागून कवेत धरून तिला ओढलं. "बस बेटी. मर जायेगा. बस."

स्टँड खाली पडलं. लोकेश रांगत दाराबाहेर गेला, पायरीवर रक्त ओकला. गल्लीतल्या लोकांनी पोलिसांना बोलावलं. दोघांवर गुन्हे लागले, दोघांचे जबाब झाले. हिरालालच्या गळ्यावरचे वळ पाहून फौजदारानं अल्काला संध्याकाळी घरी सोडलं. कोर्टात पुढं काडीमोड झाला. लोकेश छत्तीसगडात निघून गेला.

दुकानातल्या मारामारीच्या रात्री ती पार्वताबाईजवळ झोपली नाही, वेगळं अंथरूण घातलं. स्वतःच्या हातांची तिला भीती वाटत होती. सकाळी तिनं म्हातारीला सगळं खरं सांगितलं, तोंड झाकल्यावरही मारलं हेही. पार्वताबाईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "जिता आहे ना?" आणि चहा ठेवायला उठली.

हिरालालनी दुसरा कॉम्प्युटर घेतला. श्यामलालकडं गेलेली एक चाल सोडली तर जुनं काही उरलं नव्हतं, अल्काला सगळं पहिल्यापासून बांधावं लागलं. या वेळी तिनं शेवटच्या ठोक्याची वायर थेट पहिल्यात खोचली नाही, मध्ये फेऱ्या मोजून थांबवणारा एक डबा घातला. चक्र चार-सहा फेऱ्यांपुरतं चालेल आणि विझेल, पुन्हा हवं तर माणसानं बटण दाबायचं, असं तिनं केलं. धुमालवाले कुरकुरायचे. श्यामलाल स्वतः आले. "हे काय केलं बाई? दर घडीले एक मानूस ठेवावा लागते बटनाले."

"ठेवा," अल्का म्हणाली. "त्यानं रस्त्याकडे पाहत राहावं."

"समोरची पार्टी थांबत नाही, आपली थांबते. धंदा कसा होईन?"

"मंग दुसऱ्याकडून घ्या."

ते रागानं गेले आणि लग्नसराई लागल्यावर परत आले, कारण जुनी चाल शिळी झाली होती आणि तसा आवाज दुसरा कोणी देत नव्हता. पुढच्या वर्षांत राजनांदगाव, बालाघाट, भंडारा, सगळीकडून माणसं तिच्याकडे येऊ लागली. कुणाला वायर पुरी जोडून हवी असे. तिनं कधी दिली नाही. धुमाल जाऊन नुसते डीजे आले तरी दिली नाही.

पार्वताबाई वर्षातून दोनदा डोंगरगडला जायची, पोराला भेटायला. लोकेश तिथं एका ढाब्यावर कामाला होता. परतल्यावर ती आपणहून थोडंसं सांगे, अल्का विचारत नसे. एका उन्हाळ्यात म्हातारी आली ती पिशवी न सोडता बसून राहिली.

"बायको केली त्यानं. सुखवंता नाव आहे. चांगली आहे पोरगी."

अल्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "मारते का तिले?"

पार्वताबाईनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "डाव्यानं मारते."

दुसऱ्या दिवशी अल्कानं दुकान बंद ठेवलं आणि दोघी सकाळच्या गाडीनं डोंगरगडला गेल्या. लोकेश कामावर होता. सुखवंता अंगणात भांडी घासत होती, गालावर निळसर डाग, वय अल्कापेक्षा पुष्कळ कमी. पार्वताबाईनं ओळख करून दिली तशी तिची नजर कडक झाली. "तैं काबर आय हस? वोला लेगे बर?" त्याला न्यायला आलीस काय, असं ती विचारत होती.

"त्याले नाही," अल्का म्हणाली. "तुले सांगाले आली. गोंदिया स्टेशनाबाहेर कोनालेबी साहूची रेकॉर्डिंग विचार. मागं खोली आहे. मी आन माय राहतो."

सुखवंतानं राखेचा हात कमरेला पुसला आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. दोघी थोडा वेळ उन्हात उभ्या राहिल्या, मग स्टेशनवर आल्या.

पोळ्याच्या सुमारास सुखवंता आली. ओठ फाटलेला, काखेत कपड्यांचं गाठोडं. आठवडाभर राहिली, पार्वताबाईच्या हातचा भात जेवली, आणि लोकेश न्यायला आला तेव्हा त्याच्याबरोबर गेली. तो गल्लीच्या तोंडाशीच थांबला होता, आत आला नाही. अल्का तिच्यावर एवढी संतापली, की जाताना तिच्याशी बोलली नाही. पार्वताबाईनं मात्र तिला पोह्यांची पुडी बांधून दिली आणि म्हणाली, "पुन्हा आली तरी चालन."

पुढच्या मार्चमध्ये ती पुन्हा आली. या वेळी हात मोकळे होते, कपडेही आणले नव्हते. अल्का कामात होती. तिनं मान वर केली, बाजूची खुर्ची पायानं मागं सारली आणि म्हणाली, "बस."

सुखवंता बसली. ती परत गेली नाही.